ताट धरणारी नळी

रहाटणीत आम्ही घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमची जात विचारली नाही, मटण खाता का विचारलं नाही, लग्नाला किती वर्षं झाली आणि पाळणा अजून का हलला नाही हेही विचारलं नाही. तिन्ही उत्तरं मी रिक्षात तयार करून ठेवली होती, ती वाया गेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केर कसा काढता?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "झाडूनं."

"मग न्हाई जमायचं," असं म्हणून ते वरच्या मजल्याला पुन्हा कुलूप लावायला लागले.

मागून त्यांची बायको म्हणाली, "अवो, शिकवा की. पोटातनं शिकून येतं का कुनी?" आणि एवढं एक वाक्य बोलून त्या कठड्याला धरून खोकत उभ्या राहिल्या. त्या दोघांना आम्ही पुढं काका-काकू म्हणायला लागलो. काकूंचा खोकला मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तो असा.

काका रहाटणीचेच जुने. शेतं गेली, त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, तेवढ्यात काकांची सगळी नोकरी एका फाउंड्रीत झाली. फाउंड्री म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना. साचा फोडला की वाळूची बारीक धूळ उडते, आणि ती ओढून घेणारी मोठाली यंत्रं चालू ठेवायचं काम काकांकडं होतं. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, नातवंडं खेळवतात, पतपेढीची निवडणूक लढवतात. काकांनी नवं घर बांधायला काढलं, आणि विटकाम झाल्यावर गिलाव्याच्या आधी सगळ्या भिंतींतून जाड प्लास्टिकचे पाइप फिरवले. प्रत्येक खोलीत गुडघ्याच्या उंचीवर एक गोल भोक, त्याला झाकण. सगळे पाइप खाली पार्किंगच्या छताला एकत्र येऊन एका लोखंडी पिंपात उतरत. पिंपावर मोटर, पिंपात कापडाची लांब पिशवी. काका तिला कंपनीच्या भाषेत बॅग म्हणत. झाकण उघडायचं, लांबलचक नळी त्या भोकात खोचायची, भोकाखालचं बटण दाबायचं, की खोलीतली धूळ भिंतीतून धावत जाऊन बॅगेत पडायची आणि चाळलेली हवा मागच्या बोळात निघून जायची. गवंडी हसला म्हणे. काकांनी त्याला हसू दिलं, पण पाइपांना काटकोन घालू दिला नाही. "काटकोनात धूळ बसती. वळायचं तर दोन टप्प्यांत वळावं, मानसानं बी."

घरात झाडू ठेवायला बंदी होती. आमच्या आधीचे भाडेकरू गॅलरीत खराटा ठेवून सापडले आणि दोन महिन्यांत गेले. काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टॉर्च असायची. घरात आले की ती फरशीवर आडवी ठेवून पेटवायचे. उजेड जमिनीला घासत गेला की माझी सगळी अब्रू फरशीवर चमकायला लागायची. "बघ," म्हणायचे. "दिसती ती धूळ गरीब. दिसत न्हाई ती छातीत बसती."

केर काढायच्याही शिफ्ट होत्या. साडेसातला खालचा मजला, आठला आमचा. दोन्हीकडची झाकणं एकदम उघडली की ओढ निम्मी होते, म्हणून मी कधी घाईत लवकर सुरू केलं तर जिन्यातून आरोळी यायची, "वरचं झाकण लाव!" तीस फुटांची ती नळी ओढत फिरायचं म्हणजे हट्टी शेळीला बाजारात नेण्यासारखं. मोटरचा आवाज असा, की शेजारच्या घरातले लोक आठ ते सव्वाआठ एकमेकांशी खुणांनी बोलत. पण खोटं कशाला बोलू, माझी सकाळची शिंकांची माळ पहिल्याच महिन्यात थांबली. परभणीहून आणलेलं ते दुखणं इथं भिंतीत गेलं.

लक्ष्मीपूजनाला मात्र पंचाईत. त्या दिवशी केरसुणी ही लक्ष्मी. काकूंनी पाट मांडला, रांगोळी काढली आणि हात जोडून विचारलं, "पुजू काय?" काकांनी नळीचं तोंड धुऊन, पुसून आणलं आणि पाटावर ठेवलं. "केर काढती ती लक्ष्मी. हिला वहा." काकूंनी एकदा वर बघितलं, एकदा नळीकडं बघितलं, आणि हळद-कुंकू वाहिलं. मी हसू दाबायला पदर तोंडात धरला होता. काकू हसत नव्हत्या. पूजेनंतर हळूच मला म्हणाल्या, "त्यांच्यासाठी ती देवच हाय गं. मग आपण कोन नको म्हननारे?"

काकांचा मुलगा सांगवीला राहायचा. आयटीत होता, रविवारी यायचा आणि दर रविवारी एकच विषय काढायचा. "बाबा, हे काढू या. स्वयंपाकघर नवीन करायचंय, भिंती फोडायच्याच आहेत. याचे पार्ट मिळत नाहीत, पाइप कधी तुंबला तर अख्खी भिंत फोडावी लागेल. मी तुम्हाला हातातलं चांगलं मशिन आणून देतो, दहा मिनिटांत काम."

"तुझं मशिन हिकडनं ओढतं आन् बारीक धूळ तिकडनं खोलीतच सोडतं. माझं घराबाहेर सोडतं."

"आणि ओढ? म्हाताऱ्या मोटरला ओढ तरी राहिलीय का?"

यावर काका उठायचे. फडताळातून लग्नातलं पितळी ताट काढायचे, मोटर चालू करायचे आणि नळीचं तोंड ताटाच्या मधोमध लावून नळी वर उचलायचे. ताट हवेत लोंबायचं. "धरलं का?" मुलगा दुसरीकडं बघायचा. "धरलं का न्हाई ते बोल." "धरलं." मग जेवणं व्हायची. हे मी इतक्यांदा बघितलंय, की त्या ताटाचा तळही मी ओळखेन.

पूर्वी ताट महिनाअखेर पडायचं म्हणे. बॅगेत धूळ साचली की ओढ कमी होते, हे साधं आहे. पण काकांचा संशय कायम पाइपांच्या सांध्यांवर. ओढ उतरली, की हे पार्किंगच्या छताला शिडी लावून वर. आम्ही राहायला यायच्या वर्षभर आधी त्या शिडीवरून पडले. खुबा मोडला, खांदा निखळला, तीन महिने पडून होते. डाव्या हाताला वजन पेलेना, तेव्हापासून पिंपाचं झाकण उघडणं काकूंकडं आलं. काकांनी कडक नियम घालून दिला होता. दर एक तारखेला बॅग काढायची ती आधी ओल्या पोत्यात गुंडाळायची, मग टबात बुडवायची, वाळायला दोन दिवस. कोरडी हलवायचीसुद्धा नाही. त्या दोन दिवसांत मशिन बंद असे आणि काका घरात असे फिरत, जसं काही कोणी दवाखान्यात आहे.

पण पडल्यापासून एक चमत्कार झाला होता, आणि तो काका आल्या-गेल्याला सांगत. ओढ उतरायची थांबली होती. महिनाअखेरीलाही ताट धरत होतं. "पडलो त्याच दिवशी शेवटचा सांधा आवळला व्हता. हाडं मोडली, पन गळती सापडली!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मलाही बरं वाटायचं. एकदा माझी कानातली कुडी नळीनं गिळली. दोन दिवसांनी काकूंनी आणून दिली, म्हणाल्या, बॅग भिजवताना सापडली. तारीख बारा होती. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

मग एका वर्षी दिवाळीच्या आधी काकूंचा खोकला वाढला. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसायला लागल्या. थेरगावच्या डॉक्टरांकडं मी त्यांच्याबरोबर गेले, काकाही होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "आजी, कुठल्या कंपनीत होता तुम्ही? दगडाचं, वाळूचं काम?"

"मी? मी घरातच की."

डॉक्टरांनी काकांकडं बघितलं. काका टोपी हातात घेऊन म्हणाले, "फाउंड्रीत मी व्हतो. युनिफॉर्म घरी यायचा. ही मागच्या दारी झटकायची. बावीस वर्षं." मग कंपनीनं कपडे तिथंच धुवायची सोय केली, असंही त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जे बसलंय ते निघणार नाही, औषधानं आराम पडेल. पण यापुढं धूळ अजिबात नको. आणखी बसली, तर श्वास पुरणार नाही.

"यापुढं कुठनं बसंल?" काका म्हणाले, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात विनवणी ऐकू आली. "बारा वर्षं झाली, हिच्यासमोर धूळ येऊ दिली न्हाई. सगळी भिंतीतनं न्हेतो मी."

भिंतीतले ते पाइप कशासाठी होते ते मला त्या दिवशी कळलं. आधी केलेल्या सगळ्या थट्टा आठवून मला लाज वाटली.

दिवाळीनंतर मी नोकरी बदलली. आधीच्या ऑफिसला रविवारची सुट्टी होती. चाकणच्या नव्या कंपनीत क्वालिटीला लागले, आणि तिथं आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांसारखी सुट्टी गुरुवारी. फाउंड्रीतल्या जुन्या मंडळींची बैठकही गुरुवारीच असायची, कारण त्यांच्यातले जे अजून कामावर होते त्यांना तोच दिवस मोकळा. दर गुरुवारी दहाला काका काठी घेऊन निघत, बाराला परतत. मी त्या वेळी घरी असण्याचा पहिलाच गुरुवार होता. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना खालून धप धप आवाज आला. वाकून बघितलं.

काकू धुण्याच्या दगडावर बॅग आपटत होत्या. कोरडी. प्रत्येक आपटीला करडा लोट उठत होता, त्या तोंड फिरवत होत्या, खोकत होत्या, पुन्हा आपटत होत्या. नाकाला पदरसुद्धा नव्हता, तो कमरेला खोचलेला होता.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. त्यांच्या हातातून बॅग ओढली. "काकू! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"वरडू नगं." त्यांनी आधी बोळाकडं बघितलं. "दर गुरवारी झटकती मी. म्हनून ताट धरतं. न्हाईतर हे पुन्हा शिडीवर चढत्याल. ह्यांना वाटतं सांधा आवळला म्हनून ओढ टिकली. वाटू दे की."

"मग बॅग ओली करा. दर आठवड्याला करा."

"वाळायला दोन दिस लागत्यात. मशिन बंद राहिलं की ह्यांना घास जात न्हाई. पुन्हा पडले तर आता उठायचे न्हाईत गं. माजी छाती काय, ती गेलेलीच हाय." मग त्यांनी धुळीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माजी शपत हाय तुला."

मी शपथ पाळली. शपथेचं निमित्त झालं, खरं कारण निराळं होतं. मला भांडण नको होतं. घर चांगलं होतं, हवा होती, कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. मी सांगितलं तर या घरात काय होईल याची मला भीती वाटत होती. मी काकूंना मास्क आणून दिले, त्या ते गळ्यात अडकवून आपटत राहिल्या. मी म्हटलं मी झटकते, तर म्हणाल्या, तुला अजून लेकरं व्हायचीत. मग मी गुरुवारी दहाला गॅलरीचं दार लावून टीव्ही मोठा करायला लागले. असे चार महिने काढले. या चार महिन्यांत काकू जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंतही येईनाशा झाल्या. खालूनच हाक मारायच्या, आणि तीही एका दमात पुरी व्हायची नाही.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी मुलगा मिस्त्री ठरवूनच आला. "बाबा, आज शेवटचं. आईची तब्येत बघा. एवढं मशिन असून तिचा खोकला वाढतोच आहे, मग उपयोग काय? उद्यापासून भिंती फोडायच्या."

"तिचा खोकला जुना हाय. मशिन नसतं तर आत्तापतूर..." काकांनी वाक्य तोडलं. मग म्हणाले, "ताट आन."

"पहिल्या आठवड्यात कोणाचंही मशिन ओढतं."

"आज तारीख काय हाय? महिना भरलाय. बॅग तुडुंब असंल. आज ताट पडलं, तर फोड भिंती. मी वर मान करून बघनार न्हाई. आन् धरलं, तर मी असंपर्यंत ह्यो विषय काढायचा न्हाई."

"ठरलं," मुलगा म्हणाला.

त्या रविवारी मी रजा घेतली होती, आवाज ऐकून खाली आले होते. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली. मोटर सुरू झाली. काकांनी नळी ताटाला लावली आणि उजव्या हातानं हळूहळू उचलली. ताट उठलं. त्यांनी नळी झुलवली, तरी ताट सुटेना. मुलगा खाली वाकून बघत होता, मग सरळ झाला आणि म्हणाला, "ठीक आहे बाबा. जिंकलात. ठेवा."

काका हसले. असे हसले, की त्यांच्या तोंडात दात किती कमी उरलेत ते मला तेव्हा दिसलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, अगदी जराशी: नको.

आता विषय कायमचा मिटत होता. म्हणजे गुरुवार कायमचे राहणार होते.

"काका," मी म्हटलं. माझा आवाज मोटरवर गेला नाही. मी बटण बंद केलं, ताट खाली पडून घणघणलं. "काका, बॅग काढून बघा."

"कशाला?"

"एकदा बघा."

"पोरी!" काकू म्हणाल्या.

काका पार्किंगमध्ये गेले, आम्ही मागं. मुलानं पिंपाचं झाकण उघडलं. काकांनी उजवा हात आत घालून बॅग बाहेर काढली आणि तशीच धरून उभे राहिले. महिनाभराची बॅग पिठाच्या डब्यासारखी जड लागते, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्यांनी ती दोनदा तोलली. अंगठ्यानं कापड चोळलं, अंगठा बघितला. ज्या माणसानं सगळी नोकरी बॅगा काढण्या-घालण्यात घालवली, त्याला आणखी काय सांगायचं?

"कोरडी झटकलीस?" त्यांनी काकूंकडं न बघता विचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"तुमी पडला तवापासनं."

"सांधा..."

काकांनी वर छताकडं, त्या सांध्याकडं बघितलं. मग म्हणाले, "हिला घरात न्या. खिडक्या लावा." आणि मुलाला म्हणाले, "पाना दे."

मुलाचा चेहरा उतरला होता. ज्यासाठी तो इतकी वर्षं भांडला, ते समोर आल्यावर तोच म्हणाला, "राहू द्या बाबा. दर रविवारी येतोच मी. मी धुवीन बॅग, ओली धुवीन."

"मशिनमदी खोट न्हाई," काका म्हणाले. "पन ते माज्या घरात नको." त्यांनी एका हातानं मोटरचे नट सोडवले. मुलाला हात लावू दिला नाही. दुपारचे दोन वाजले. बॅग त्यांनी स्वतः टबात बुडवली, पाण्याखाली दाबून धरली, बुडबुडे थांबेपर्यंत.

मी वर येऊन बसले होते. जिन्यात काठीचा आवाज आला. खुब्यामुळं काकांना जिना जड जायचा, गेले कित्येक महिने ते वर आले नव्हते, टॉर्चचा तपास त्यांनी पायथ्याशी उभं राहून तोंडी चालवला होता. दारात आले, चौकटीला धरून दम घेतला.

"तुला कवापासनं ठाऊक व्हतं?"

"दिवाळीनंतर." मला त्यांच्याकडं बघवेना. "चार महिने. मी सांगायला पाहिजे होतं काका. मी भित्री आहे."

ते खुर्चीवर बसले.

"फाउंड्रीत आमाला पयल्याच वर्षी रांगेत उभं करून सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "कपडे कोरडे झटकायचे न्हाईत. आधी ओले करायचे. का, ते बी सांगितलं व्हतं."

"मग काकूंना..."

"तिला न्हाई सांगितलं. युनिफॉर्म एकच. ओला केला तर सकाळच्या शिफ्टपतूर वाळायचा न्हाई. झटकला की घालाय तयार." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू चार म्हयने गप राहिलीस. मी बावीस वर्षं. तुला कोनत्या तोंडानं बोलू?"

मग त्यांनी जिन्याकडं बघितलं.

"तिला सांगू का आता?"

एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझा सल्ला विचारला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत ते हलणार नव्हते. मी म्हटलं, "सांगा."

ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. मी दार लावलं नाही. मोटर नसल्यानं घर इतकं शांत होतं, की खालच्या खोलीतली खुर्ची सरकलेली कळली. मग काका काहीतरी बोलले, हळू, थांबत थांबत. आणि मग काकूंचा आवाज आला, रोजचाच, धाप लागलेला.

"मला ठाऊक व्हतं. कंपनीतल्या बाकीच्यांच्या बायका काय मुक्या व्हत्या का? पानं वाढलीत, जेवा आता."